रात्रीचा ईमेल पुरत नाही: नांदेडच्या वाचकाला उत्तर

नमस्कार सर,

बॅकअप घेणाऱ्या सगळ्या मशिनींच्या एरर एका जागी, म्हणजे आपल्या सर्व्हरवर, गोळा कराव्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, मोंढ्यातली चार आडत दुकानं आणि एखादी पतसंस्था सांभाळणाऱ्याला हे परवडत नाही. बॅकअप फेल झाला की मशीन ईमेल पाठवतं, तेवढं पुरे. एवढे लॉग, म्हणजे मशीनने लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचणार कोण? आणि गिऱ्हाइकाच्या फायलींची नावं आपल्या सर्व्हरवर कशाला? शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर शेवटी येतो. ईमेलचं मात्र मला पटत नाही.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या (प्रोग्रॅमर मंडळींचा कोड सांभाळणारी कंपनी) एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून उडाला. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर तो नव्हताच. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रोग्रॅमच्या 9.6 आवृत्तीचा होता आणि त्याचा बॅकअप घेणारा पीजी डंप हा प्रोग्रॅम जुन्या 9.2 चा, त्यामुळे तो रोज एरर देऊन थांबत होता. फेल झाल्याचे ईमेलही सुटत होते, पण ते डीमार्कच्या (ईमेल खऱ्या पत्त्यावरून आला का, हे पाहण्याची पद्धत) तपासणीत अडकून परत फिरत होते. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) हाताशी होता म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर केलं आहे.

आपल्याकडचं कारण याहून साधं असतं. संध्याकाळी लाइट गेली, दुकान बंद झालं, मशीन सुरूच झालं नाही. प्रोग्रॅम चाललाच नाही तर एरर कुठून येणार? म्हणून सर्व्हरवर पहिला रकाना एररचा नको, ‘शेवटचा पूर्ण बॅकअप कधी झाला’ याचा हवा. कोणत्या मशीनकडून कधी निरोप यायला हवा हे सर्व्हरला ठाऊक असलं पाहिजे, आणि तो आला नाही तर बोंब सर्व्हरनेच मारायची.

आता वाचणार कोण? ओळी कुणीच वाचायच्या नाहीत. मुनीमजी टॅली उघडीच ठेवून घरी गेले की विंडोजचा कोड 32 येतो, म्हणजे फाईल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे. क्लायंटने, म्हणजे दुकानातल्या मशीनवरच्या बॅकअप प्रोग्रॅमने, नुसता मजकूर पाठवला तर प्रत्येक फाईलची वेगळी ओळ होते आणि लॉगचा उकिरडा होतो. कोड, कृती, प्रोग्रॅमची आवृत्ती आणि फोल्डरचा प्रकार वेगवेगळे पाठवले तर तेच एका ओळीत मावतं: ‘कोड 32, टॅली डेटा, सलग नऊ रात्री’. ब्राउझरच्या कॅशमधला (तात्पुरत्या फायलींमधला) कोड 32 सोडून द्या, टॅलीतला सोडू नका. विंडोजची शॅडो कॉपी (फायलींची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) चालू असेल तर उघडी फाईलही घेता येते. पण तीच बिघडली की एका कारणापोटी शेकडो एरर जन्मतात, म्हणून मूळ एरर आधी पाठवायची आणि बाकीच्यांचा फक्त आकडा.

‘झाला’ आणि ‘नाही झाला’ एवढ्यावरही भागत नाही. काही फायली वाचता आल्या नाहीत तर रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम बाकीचा बॅकअप करतो, पण 3 हा कोड देऊन बाहेर पडतो. ‘अर्धवट झाला’ ही तिसरी अवस्था ठेवलीच पाहिजे. तिला यशात धरलं तर टॅली राहून जाते आणि पत्ता लागत नाही.

नेट गेलं तर निरोप क्लायंटच्या डिस्कवर रांगेत थांबावेत. साधा यूडीपीवरचा सिसलॉग (पोच न घेता नोंदी पाठवायची जुनी पद्धत) इथं नको, हरवलेला निरोप त्यात कळतच नाही. जुन्या मशीनचा सीमॉस सेल (आतलं घड्याळ चालवणारी छोटी बॅटरी) गेला की तारीख भलतीच पडते, म्हणून क्लायंटच्या वेळेसोबत सर्व्हरवर पोचल्याची वेळही नोंदवा.

आता फायलींची नावं. पतसंस्थेत कर्जदाराचं नाव फाईलच्या नावातच असतं, दवाखान्यात पेशंटचं. ते आपल्या सर्व्हरवर येऊ नये, आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. सर्व्हरला फोल्डरचा प्रकार, एक्स्टेंशन आणि त्या नोंदीचा क्रमांक एवढंच पाठवा. पूर्ण पाथ (फाईलचा नावासकट पत्ता) मशीनवरच्या लॉगमध्ये राहू द्या. दुरुस्तीला कुणी बसला की तो क्रमांक टाकून तिथंच फाईल शोधेल.