कुणालाच पूर्ण कळणार नाही असा शोधनिबंध कसा लिहावा

डॉक्टर असाल तर आधी एक इंजिनिअर गाठा, इंजिनिअर असाल तर डॉक्टर. दोघांचं जमलंच पाहिजे असं काही नाही; एकाच्या कामातलं दुसऱ्याला फारसं कळत नसलं की पुरे. कारण परीक्षकही असेच दोन मिळतात. सर्जन परीक्षक मेश, नोड वगैरे संगणकी ताण-गणिताचे शब्द दिसले की पान उलटतो, ते इंजिनिअर बघेल म्हणून. इंजिनिअर परीक्षक रुग्ण कसे निवडले हे विचारत नाही, कारण ते सर्जनने पाहिलंच असणार. दोघंही प्रामाणिक असतात, आपापल्या अर्ध्यात तर चांगलेच कडक असतात. तुम्ही फक्त नाजूक गोष्टी बरोबर मधल्या फटीत ठेवायच्या.

विषय म्हणून डोळ्याची खोबण घ्या. अपघातात गालाच्या हाडाबरोबर ती मोडते, तळ खचतो, डोळा आत जातो, माणसाला एकाचे दोन दिसू लागतात. सीटी स्कॅनवरून त्या रुग्णाच्या मापाचं टायटॅनियमचं इम्प्लांट संगणकावर घडवायचं, थ्रीडी प्रिंट करायचं आणि बसवायचं. काम खरोखरच उपयोगाचं आहे, त्यामुळे शंका काढणाऱ्यालाच वाईट वाटतं. शीर्षकात 'रुग्णविशिष्ट', 'एकात्मिक' आणि 'आराखडा' हे तीन शब्द हवेतच. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरलेली नसली तर ती 'भविष्यातील दिशा' या परिच्छेदात वापरा.

आता स्कॅन. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाणी 0, हवा उणे 1000, आणि 226च्या वर गेलं की हाड, अशी एक वहिवाट आहे. ती का, हे विचारू नका. सगळे 226 धरतात, तुम्हीही धरा. गंमत अशी की खोबणीचा तळ अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असू शकतो. खाली सायनसची हवा, वर चरबी. स्कॅनचे काप जाड असले की सगळ्याची सरासरी निघते, आकडा 226च्या खाली घसरतो आणि धडधाकट हाडाच्या जागी पडद्यावर भोक दिसतं. शेजारी खरं मोडलेलं भोकही असतंच.

ही भोकं रात्री अकरा वाजता एक पीएचडीचा विद्यार्थी माउसने बुजवतो. डावं बटण दाबून धरायचं, रंग भरायचा, पुढच्या कापावर जायचं. कुठलं भोक खरं आणि कुठलं खोटं, हे सांगू शकणारी व्यक्ती त्या वेळी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) किंवा झोपेत असते. मग तो बिचारा पृष्ठभाग छान गुळगुळीत दिसेपर्यंत भरत राहतो. जो उतार त्याच्या डोळ्याला बरा दिसला, तोच पुढे टायटॅनियममध्ये उतरतो. निबंधात या प्रकाराला 'अर्ध-स्वयंचलित विभाजन' म्हणायचं. 'अर्ध' कुठलं ते सांगायचं नाही.

पुढे आकृती एसटीएल या थ्रीडी आकार साठवणाऱ्या फाइलमध्ये जाते. हे स्वरूप 1987 पासूनचं. त्यात त्रिकोण असतात, पण एकक नसतं. मिलिमीटर की इंच, ते उघडणाऱ्याने ठरवायचं. प्लेट 25.4 पट मोठी उघडली तरी घाबरू नका, ती चूक शिपायालाही दिसते. निबंध तरतो तो न दिसणाऱ्या चुकांवर.

मग हाडावर आणि इम्प्लांटवर किती ताण येतो ते संगणकावर काढायचं. या ताणाच्या विश्लेषणात तर तुम्हाला रान मोकळं आहे. हाड दिशेनुसार, वयानुसार, जागेनुसार वेगळं वागतं. तुम्ही 'हाड एकजिनसी, सर्व दिशांना सारखे आणि रेषीय स्थितिस्थापक मानले आहे' हे एक वाक्य टाका, की हा सगळा ताप मिटला. यंग गुणांक, म्हणजे हाडाचा ताठपणा, 13.7 गिगापास्कल; पॉयसन गुणोत्तर, म्हणजे लांबीत ताणलं की आडवं किती आकसतं ते, 0.3. आकडे कुठून आणले असं कुणी विचारलंच तर आधीच्या निबंधाकडे बोट दाखवा. त्याने त्याच्या आधीच्याकडे दाखवलेलं असेल. मग व्हॉन मिझेस ताण काढा, म्हणजे सगळ्या दिशांचे ताण मिळून एकच आकडा. हा निकष तुटण्याआधी वाकणाऱ्या धातूंसाठीचा. पण तो हाडावरही लावा, चित्र तितकंच सुंदर येतं. ताण दाखवणाऱ्या रंगपट्टीचं वरचं टोक वाढवलं की तांबडं ते निळं होतं आणि इम्प्लांट सुरक्षित ठरतं. जुन्या डिझाइनच्या चित्राला ते टोक कमी ठेवा. दोन्ही चित्रं शेजारीशेजारी छापा, पट्टीवरचे आकडे मुंगीएवढे. सर्जन परीक्षकाला ही चित्रं फार आवडतात.

2010 मध्ये धातूवर धातू फिरणारा एक कृत्रिम खुबा जगभरातून मागे घ्यावा लागला, हे प्रस्तावनेत कृपया आणू नका. खुब्यांची यंत्रावर 50 लाख फेऱ्यांची चाचणी करण्याची पद्धत आहे. पण यंत्रात खुब्याची वाटी हव्या त्या कोनात बसते. माणसात ती सर्जनच्या हाताने बसते, थोडी उभी बसली की भार कडेवर येतो आणि धातू झिजून आजूबाजूला उतरतो. असले विषय काढले की इंजिनिअर परीक्षक जागा होतो.

अचूकता सिद्ध करायला सहसंबंध गुणांक वापरा, म्हणजे दोन मापं एकत्र वाढतात-घटतात का ते. तो 0.99 येतोच. संगणकावरचं प्रत्येक माप प्रत्यक्षापेक्षा नेमकं 2 मिलिमीटरने जास्त आलं तरी सहसंबंध पूर्ण 1 राहतो. ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सहसंबंध म्हणजे जुळणी नव्हे हे मांडलं, आणि तेव्हापासून त्यांचा संदर्भ देऊन सहसंबंधच छापण्याची सोय झाली. डोळा 2 मिलिमीटर आत असला की समोरच्याला ते जाणवायला लागतं, पण समोरचा सह-लेखक नसतो.

सॉफ्टवेअर वापरायला सोपं आहे का, यासाठी दहा प्रश्नांची तयार प्रश्नावली मिळते. ती सर्जन सह-लेखकाच्याच विभागातल्या रेसिडेंटना भरायला द्या, साहेब खोलीत असताना. गुण शंभरपैकी असले तरी ती टक्केवारी नव्हे, सरासरी 68च्या आसपास असते. तुम्ही बिनधास्त टक्केच लिहा. शस्त्रक्रियेचा वेळ किती वाचला तेही लिहा. डिझाइन ठरवताना दोन खात्यांत दोन आठवडे जी ईमेलची टोलवाटोलवी झाली, ती ओटीबाहेर झाली, म्हणून तो वेळ कुणाचाच नाही.

राहता राहिला फॉलो-अप. सहा महिन्यांनी रुग्ण येतो आणि सांगतो, जिना उतरताना खाली बघितलं की अजून दोन पायऱ्या दिसतात. डॉक्टर ते केस पेपरवर लिहितो, तेही डॉक्टरी अक्षरात. इंजिनिअरच्या तक्त्यात मात्र रकाने आहेत ते विचलनाचे: सरासरी, कमाल, किमान, सगळं मिलिमीटरमध्ये. जिन्याला रकाना नाही. डॉक्टरला वाटतं, आकड्यांत ते कुठेतरी आलंच असेल. इंजिनिअरला वाटतं, तसं काही असतं तर डॉक्टर बोलले असते. निबंधात 'नियोजित आणि प्रत्यक्ष स्थितीत उत्तम जुळणी' असं छापून येतं, आणि यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. रुग्ण पुढच्या तारखेला आला नाही तर सोन्याहून पिवळं. 'फॉलो-अपमधून गळाला' असं लिहायचं. कशाने गळाला ते लिहायची पद्धत नाही.

लेखकांच्या यादीत विभागप्रमुखांना शेवटचं मानाचं स्थान द्या. माउसवाल्या विद्यार्थ्याचे आभार माना.

आणि तो स्कॅन पुसू नका. त्यात वरचा जबडा आहे, खालचा आहे, कवटीचा पुढचा भाग आहे. 226 तेच, 13.7 तेच, आराखडा एकात्मिकच. मानेचे वरचे एकदोन मणके आले असतील, तर प्रमोशनपर्यंत पुरेल.