'५७ डेल' वेदना कुठल्याच दवाखान्यात मोजत नाहीत

मातृदिन जवळ आला की हा मेसेज हमखास येतो: 'माणूस जास्तीत जास्त ४५ डेल वेदना सोसू शकतो. बाळंतपणात आई ५७ डेल सोसते, एकाच वेळी २० हाडं मोडल्याएवढ्या.' लोक तो मायेनं पाठवतात. पण मी प्रसूती कक्षात नर्स आहे आणि तो वाचून मला राग येतो.

'डेल' असं एककच नाही. नावाला जवळचा आहे 'डोल'. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हार्डी, वुल्फ आणि गूडेल यांनी कातडीवर उष्णतेचा झोत पाडून वेदना मोजायचा प्रयत्न केला आणि त्या पट्टीच्या एककाला 'डोल' म्हटलं. कळा चालू असलेल्या बायकांवरही हे करून पाहिलं गेलं. इतरांना तसे आकडे मिळेनात, म्हणून डोल मागे पडला. आणि ती पट्टी साडेदहालाच संपायची, ५७ आणायचे कुठून?

माणसाची मर्यादा ४५ आणि आईची ५७. मग आई माणसांत धरायची नाही का?

एकाच वेळी २० हाडं मोडण्याशी तुलना तर कोणी मोजून केलेलीच नाही. बाळंतवेणा तीव्र असतात, यात वाद नाही. वेदनांचे अभ्यासक मेल्झॅक यांच्या १९७५ च्या प्रश्नावलीत रुग्ण आपल्या दुखण्याला लागू पडणारे शब्द निवडतो. तीत बाळंतिणींचे सरासरी गुण खूप वर गेले, पहिलटकरणींचे आणखी वर. तरी बाईबाईत मोठा फरक होता. एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही.

आम्ही मोजतो ते विचारूनच. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवतो. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळाचं रडणं, पायांची हालचाल, चेहरा बघतो. एखाद्या आजींना अंक जमत नाहीत. त्यांना 'रुपयात किती आणे दुखतंय?' विचारलं की चटकन 'बारा आणे' म्हणतात. वर ठणका आहे, चमक आहे की आग, तेही सांगतात. हा आकडा शेजारच्या खाटेशी नाही, त्याच रुग्णाच्या कालच्या आकड्याशी ताडायचा असतो. सिझेरियननंतर काल चार सांगणारी आज आठ म्हणाली, तर आधी पट्टी उघडून टाके बघायचे.

मेसेजमधल्या ५७ ने नेमकं हे विचारणंच थांबतं. 'बाळंतपण म्हटल्यावर एवढं होणारच,' असं बाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक मला सांगतात, आणि आत त्यांची सून माझा हात धरून विचारत असते, 'सिस्टर, कळा कमी करायचं इंजेक्शन मिळेल का?'