भूकंपात टेबलाखालीच शिरायचं

नांदेडहून आईचा फोन आला. भूकंप झाला तर टेबलाखाली जायचं नाही, पलंगाशेजारी अंग मुडपून पडायचं, असं तिने माझ्या भाचीला दोनदा करून दाखवलं होतं. आधार व्हॉट्सॲपवरच्या 'जीवनाच्या त्रिकोणा'च्या मेसेजचा: छत कोसळलं की जड वस्तूशेजारी त्रिकोणी पोकळी उरते, तिथे माणूस वाचतो, असं तो सांगतो. 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आलाय.

मेसेज म्हणतो, टेबलाखाली लपलेला माणूस चिरडतोच. पुरावा म्हणून तुर्कस्तानातली 1996 ची चाचणी सांगतात: टेबलाखालचे पुतळे चिरडले, शेजारचे वाचले. पण तिथे जमीन हलवलीच नव्हती! यंत्रांनी खांब पाडून छत सरळ खाली आणलं होतं. खऱ्या भूकंपात जमीन आडवी हलते, पलंग सरकतो, कपाट उलटतं. ज्याच्या शेजारी पोर झोपवायची, तेच तिच्या अंगावर येणार. बहुतेक दुखापती अंगावर पडणाऱ्या वस्तूंनी आणि हलत्या जमिनीवर धावताना होतात. अमेरिकन रेडक्रॉसने 2004 मध्येच हा सल्ला फेटाळला. आपलं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही हेच सांगतं: खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, हादरे थांबेपर्यंत ते धरून ठेवा. टेबल नसेल तर आतल्या कोपऱ्यात बसून डोकं हातांनी झाका. रात्री पलंगावर असाल तर तिथेच राहा, डोक्यावर उशी घ्या.

पडलेल्या इमारतीत पोकळ्या उरतात आणि तिथे माणसं सापडतात, हे मान्य. पण पोकळी कुठे उरेल ते आधी कोणाला कळतं? किल्लारीचंही मान्य करतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्यांवर कोसळली, सुमारे 10 हजार माणसं गेली. तिथे टेबल कमी पडलं असतं, पण पलंगाशेजारची जागा तरी कशी वाचवणार होती? अशा घरांच्या भिंती आधीच बांधून घट्ट कराव्या लागतात, छताचं ओझं उतरवावं लागतं.

दारात उभं राहू नका, जिन्याकडे पळू नका, एवढं मेसेजमधलं बरोबर आहे.

आईला म्हटलं, पलंगाच्या उशाशी जे लोखंडी कपाट आहे ना, त्यावरची पितळी पातेली आजच खाली काढ. कपाट भिंतीला पट्टी लावून मी रविवारी येऊन पक्कं करतो. आणि भाचीला स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पुन्हा शिरायला लाव, टेबलाचा पाय धरून.