हाच वापरा (नवीन फायनल)

कंपनीत पुन्हा कोणाच्या तरी अंगात आलं असेल. म्हणे, जार फायली, डीएलएल (दोन्ही म्हणजे तयार कोडचे गठ्ठे), आयकॉन, असं सगळ्या टीमना मिळून लागणारं सामान ठेवायला वेगळी लायब्ररी हवी. आर्टिफॅक्टरी, नेक्सस अशी त्या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरची नावं तोंडावर फेकेल. त्याला कँटीनमध्ये न्या, कटिंग पाजा आणि सांगा, बाबा रे, आपल्याकडे गूगल ड्राइव्ह आहे. नेक्ससची एक आवृत्ती फुकट मिळते, असं तो म्हणायला लागला की लगेच वडापाव मागवा.

खूळ तसं जुनंच. १९६८ साली जर्मनीत गार्मिशला नाटोने भरवलेल्या परिषदेत संगणकतज्ज्ञ डग मॅकइलरॉय यांनी मांडलं होतं की, सॉफ्टवेअरचेही सुटे भाग कॅटलॉग बघून निवडता यायला हवेत. इतकी वर्षं थांबलो, आता कसली घाई?

फोल्डरचं नाव 'कॉमन' ठेवा. त्यात 'कॉमन नवीन', त्याच्या पोटात 'जुनं, डिलीट करू नये'. माझ्या पाहण्यातल्या एका फोल्डरात तारखा वाचणारी एकच जार फाइल पाच रूपांत नांदत होती: 'फायनल', 'फायनल २', 'फायनल क्लायंट', 'हाच वापरा' आणि 'हा नको, तो वापरा'. लायब्ररीत ही गंमत नाही. तिथं आवृत्ती २.३.१ म्हणजे २.३.१च. नीट लावलेली असेल तर चढवलेली आवृत्ती त्याच नावाने पुन्हा चढवू देत नाही, वर प्रत्येकीचा चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली की पकडून देणारा आकडा. आपल्याकडे कसं, शुक्रवारी संध्याकाळी कोणीही फाइल बदलावी, नाव तेच ठेवावं, सोमवारी बिल्ड (कोड जोडून प्रोग्राम तयार करणं) झोपावं आणि 'कोणी हात लावला' यावर स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, पाऊण तास रंगावा. तेवढीच माणसं एकमेकांशी बोलतात हो.

ड्राइव्ह जुन्या प्रती ठेवतं की! ३० दिवस किंवा १०० प्रती झाल्या की त्या पुसल्या जाऊ शकतात, एवढंच. महिनाभरात जी कोणाला सापडली नाही ती चूक कसली, ते फीचर. मेलचाही पर्याय आहे. जीमेल जार फाइल अडवतं, झिपमध्ये लपवली तरी अडवतं. मग तिचं बारसं करून शेपटीला 'टीएक्सटी' लावा. समोरचा शेपटी कापायला विसरतो, तो त्याचा प्रश्न.

खरी मजा डिसेंबर २०२१ला आली. लॉगफोरजे या, जावा प्रोग्रामच्या नोंदी लिहिणाऱ्या, जागोजागी वापरल्या जाणाऱ्या भागात सुरक्षेचं भगदाड सापडलं आणि वरून एकच प्रश्न आला: हे आपल्याकडे कुठे कुठे आहे? कुठला भाग कुठे वापरलाय याच्या नोंदी ठेवणाऱ्यांना निदान शोध कुठून सुरू करायचा ते ठाऊक होतं. आम्ही एक्सेल काढलं. 'हो/नाही, संध्याकाळपर्यंत भरा.' बहुतेकांनी 'नाही' भरलं, कारण ती जार दुसऱ्या जारच्या पोटात बसलेली. एकाने 'बहुतेक' लिहिलं. त्या दिवसातलं एकमेव प्रामाणिक उत्तर. त्याच महिन्यात दुरुस्त्या २.१५.०, २.१६.०, २.१७.० अशा येत गेल्या आणि एक्सेलही दर वेळी नव्याने फिरलं. वर्षअखेरीला आमच्यातल्या कोणालाच कंटाळा आला नाही.

लायसन्सचं मनावर घेऊ नका. जीपीएलचा (म्हणजे 'मला घेऊन माल वाटलात तर त्याचाही कोड उघडा करा' म्हणणाऱ्या लायसन्सचा) कोड क्लायंटच्या मालात गेला तर क्लायंटचा वकील कळवेलच.

लायब्ररी घेऊनही तिच्यात 'फायनल २' चढवणारे महाभाग असतात, हे कबूल. पण ते कौशल्य उपजत लागतं. ड्राइव्हवर ते कोणालाही जमतं.

राहता राहिलं, त्या पाचांतली बरोबर जार कोणती. 'हाच वापरा', हे उघड आहे. पण तो नुसता शॉर्टकट निघाला. मूळ फाइल एका मुलाच्या स्वतःच्या ड्राइव्हवर आहे आणि तो २०२२मध्येच नोकरी सोडून बंगळुरूला गेला. क्लिक केलं की 'परवानगी मागा' असं येतं. मी मागितली आहे. तुम्हीही मागून ठेवा.