जुळणी म्हणजे उत्पादन नव्हे

युरेशियन आर्थिक संघातल्या पाच देशांनी (रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया, किरगिझस्तान) आयातीला मिळून पर्याय उभा करावा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला मनापासून पटतं. पण ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपच्या खाद्यपदार्थांवर बंदी घातली, तेव्हा बेलारूस आणि कझाकस्तान त्यात सामील झाले नाहीत. १ जानेवारी २०१५ ला संघ सुरू झाला तो हा मतभेद घेऊनच.

आमच्या नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात सुखोई-३० ही लढाऊ विमानं बनली. आधी रशियातून आलेल्या भागांची नुसती जुळणी, कच्च्या मालापासून बांधणी फार नंतर! माझं नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. पार्ट इथलाच, पण बेअरिंग अजून बाहेरचं. म्हणून संघाने आधी मशीन टूल्सचं, म्हणजे सुटे भाग घडवणाऱ्या यंत्रांचं बघावं. आणि आर्मेनिया, किरगिझस्तानच्या वाट्याला नेमकं कोणतं काम येणार, तेही लेखात यायला हवं होतं.