बोस यांना मार्कोनीच्या मापाने मोजू नका

गेल्या आठवड्यात, 30 नोव्हेंबरला, आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर जगदीशचंद्र बोस यांच्यावरचा तो मेसेज पुन्हा फिरला. मजकूर दरवर्षीचाच. रेडिओचा शोध बोस यांनी लावला, मार्कोनीने त्यांची वही चोरली, इंग्रजांनी त्यांना पेटंट मिळू दिलं नाही, नोबेल चोराला मिळालं, आणि 1943 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीचं पेटंट रद्द करून बोस यांना न्याय दिला. रामबागेतल्या आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलाने हे सगळं वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ केलं आणि मला म्हणून दाखवलं. "मावशी, जमलं ना?" आवाज खणखणीत, हातवारे नेमके. मजकुराबद्दल मात्र त्याला समोर बसवून बोलावं लागलं. मी 31 वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आणि बोस यांच्याइतका जीव मी दुसऱ्या कुठल्याच शास्त्रज्ञावर लावला नाही. त्यांच्या नावावर खोटं खपवलेलं मला सहन होत नाही.

आधी ती वही. ती चोरायची गरजच नव्हती. वाटीत पारा, त्यावर लोखंड टेकवलेलं, आणि जोडीला कानाला लावायचा टेलिफोन, अशी रेडिओलहरी टिपायची रचना बोस यांनी एप्रिल 1899 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आलेल्या निबंधातून जाहीर केली आणि ती छापूनही आली. ज्याला हवं त्याने वाचावं. डिसेंबर 1901 मध्ये न्यूफाउंडलंडला मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संदेश ऐकला, तेव्हा त्याच्याकडे पाऱ्याचंच उपकरण होतं. ते त्याला इटलीच्या नौदलातल्या सोलारी नावाच्या अधिकाऱ्याकडून मिळालं होतं, आणि 'इटालियन नेव्ही कोहेरर' याच नावाने ते ओळखलं गेलं; कोहेरर म्हणजे लहरी टिपणारं उपकरण. तक्रार करायचीच असेल तर इथे करा. दोन वर्षं आधी छापून आलेल्या कामाचं श्रेय बोस यांना तेव्हा मिळालं नाही. ही गोष्ट कागदोपत्री दाखवता येते. वहीची दाखवता येत नाही, आणि समोरच्याने पुरावा मागितला की तिच्यामुळे खरी तक्रारही हातची जाते.

'रेडिओचा शोध बोस यांनी लावला' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते एका माणसाचं काम नव्हतंच. 1887-88 मध्ये हर्ट्झने लहरी दाखवून दिल्या. ब्रान्लीने त्या ओळखणारी, धातूचा कीस भरलेली नळी केली, 1894 मध्ये लॉजने ऑक्सफर्डला प्रयोग केले, 1895 मध्ये रशियात पोपोव्हने. त्याच सुमारास बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये तारेवाचून दूरवरची घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. संदेशवहनाचा धंदा उभा करण्याचं काम मार्कोनीचं. ते त्याचं त्याला देऊन टाकावं.

बोस यांना समुद्रापार संदेश पाठवायचाच नव्हता. त्यांच्या लहरी 5 ते 25 मिलिमीटरच्या, म्हणजे नखाएवढ्या. 5 मिलिमीटरच्या आसपासची लहर तर हवेतला ऑक्सिजनच शोषून घेतो. ती अटलांटिक कशी ओलांडणार? त्यांना या लहरी प्रकाशासारख्या वागतात का, ते पाहायचं होतं. लहर आखूड असली की सगळं सामान टेबलावर मावतं. मग त्यांनी रेल्वेचं ब्रॅडशॉचं वेळापत्रक घेतलं, पानापानांत कथिलाचा वर्ख घातला, आणि त्या पुस्तकातून लहर एका दिशेत जाते, दुसऱ्या दिशेत अडते, हे दाखवलं. आणि ताग! तागाच्या जुड्या करून त्यांना पीळ दिला. लहर पाठवणारा आणि घेणारा असे आडवे-उभे ठेवले की घेणाऱ्याला काहीच कळत नाही. मध्ये पिळाची जुडी ठेवली की काटा हलतो, कारण पिळाने लहरीच्या कंपनाची दिशा फिरवलेली असते. उजवा पीळ एकीकडे फिरवतो, डावा दुसरीकडे. साखरेच्या पाण्यातून प्रकाश जाताना जे होतं, तेच बंगालच्या तागात. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंची रचना त्यांनी हातात धरता येईल एवढी मोठी करून दाखवली. हा निबंध 1898 चा. हे वाचताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो, आणि मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

पेटंटचा दावा तर चक्क उलटा आहे. 1901 मध्ये एका तार कंपनीचा मालक पेटंटचा कागद हातात घेऊन आला, आजच्या व्याख्यानात सगळं उघड करू नका म्हणाला, हे बोस यांनी स्वतः रवींद्रनाथांना पत्रात लिहिलंय. नकार बोस यांनी दिला. पुढे स्नेह्यांच्या आग्रहाने अर्ज झाला आणि मार्च 1904 मध्ये अमेरिकेचं पेटंट क्रमांक 755840 त्यांच्या नावावर निघालं. त्यावर पैसा करायला ते गेले नाहीत. इंग्रजांनी अन्याय केला तो पगारात. प्रेसिडेन्सी कॉलेजात गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून त्यांनी तीन वर्षं तो घेतलाच नाही, आणि शिकवणं थांबवलं नाही. मुलांना हे सांगा ना.

त्या पेटंटात लहरी टिपायला गॅलेना आहे, शिशाचं चकचकीत खनिज. 1970 च्या दशकात माझ्या भावाने महाराणी रोडवरून ओए 79 हा डायोड, म्हणजे वीज एकाच बाजूने जाऊ देणारा काचेचा मणी, आणून बिनबॅटरीचा रेडिओ केला होता. गच्चीवर एरियलची तार, दुसरी तार नळाला, कानाला हेडफोन, आणि त्यात बारीक आवाजात आकाशवाणीचं इंदूर केंद्र. तो मणी जे करत होता, तेच बोस यांचं गॅलेना करत होतं. स्फटिकात वीज एकाच बाजूने वाहते हे ब्राउनने 1874 मध्येच पाहिलं होतं. रेडिओलहरी टिपायला गॅलेनासारखा अर्धवाहक स्फटिक वापरण्याचा मान मात्र ट्रान्झिस्टरच्या शोधातल्या ब्रॅटेननेही बोस यांनाच दिला.

1909 चं नोबेल मार्कोनी आणि हाच ब्राउन यांना विभागून मिळालं, ते तारेवाचून संदेशवहन विकसित केल्याबद्दल. 1943 च्या निकालात लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचं आधीचं काम ग्राह्य धरून मार्कोनीच्या एका पेटंटातले काही दावे रद्द झाले. तो बोस यांच्या बाजूचा निकाल नव्हे. बोस यांचा गौरव 2012 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने केला, तो मिलिमीटर लहरींच्या पहिल्या प्रयोगांसाठी.

मुलगा थोडा हिरमुसला. चोरीवर टाळ्या मिळतात, असं त्याचं म्हणणं. मग आम्ही सियागंजातून तागाची सुतळी आणली आणि दोन जुड्या वळल्या, एक उजव्या पिळाची, एक डाव्या. भाषणाला वेळ तीन मिनिटांचा आहे. वहीचा परिच्छेद काढल्यावर दोन्ही जुड्या हातात धरून दाखवायला तो पुरतो.