‘आधी वीस किलो कमी करा, मग धावा’ : ताईचे बूट खोक्यात घालणाऱ्या मेसेजला उत्तर

ताईने धावणं सोडलं त्याला आज १६ दिवस झाले. गुडघा दुखला नव्हता, पाय मुरगळला नव्हता, कंटाळाही आला नव्हता. उलट तिसऱ्या आठवड्यातला दुसरा दिवस संपवून तिने गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरूनच मला फोन केला होता. ‘सलग तीन मिनिटं धावले गं, मध्ये थांबले नाही!’ त्याच संध्याकाळी आजोळच्या ग्रुपवर मामांचा मेसेज आला : ‘वजन ८५ किलोच्या वर असेल तर चुकूनही धावू नका!!’ ताईचं वजन ९४. दुसऱ्या दिवशी तिने बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकले.

मामांनी काळजीपोटीच पाठवला, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राग आहे तो मेसेजचा. वर ‘ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला’ असं लिहिलंय, पण तज्ज्ञांचं नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही. आठवड्याभरात तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या मैत्रिणींकडूनही आला. म्हणजे तो वाचून किती जणींनी बूट काढून ठेवले असतील कोण जाणे. मी डॉक्टर नाही. पण चार वर्षांपूर्वी ९१ किलो वजनावर मी धावायला लागले आणि तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचत आले आहे.

मेसेज थोडक्यात असा : धावताना गुडघ्यावर वजनाच्या आठ पट भार येतो, त्याने वाटी झिजते आणि वंगण कायमचं संपतं. जाड माणसाला धावताना झटका येतो. बायकांचं अंग बाहेर येतं. चेहऱ्याची कातडी लोंबते. धावणं हे परदेशी फॅड आहे, सूर्यनमस्कार पुरेसे आहेत. चरबी घामातून जाते, म्हणून पोटाला घामाचा पट्टा बांधून चाला. आणि शेवटी ठळक अक्षरांत : आधी २० किलो कमी करा, मगच धावण्याचा विचार करा.

मुद्द्यांकडे वळण्याआधी ताई नेमकं काय करत होती ते सांगते, कारण ‘धावणं’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मॅरेथॉन येते. ती जो कार्यक्रम करत होती त्याचं नाव ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये तो तयार केला, आणि ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आज तोच कार्यक्रम आपल्या ॲपमधून लोकांना देते. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद हळू धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. धावण्याचा वेळ वेगळा काढला तर दिवसाला आठ मिनिटं भरतो. तिसऱ्या आठवड्यात दीड मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं, तीन मिनिटं धावणं, तीन मिनिटं चालणं, आणि हेच पुन्हा एकदा. एकूण नऊ मिनिटं. ज्या धावण्याने ताईचे गुडघे कायमचे जाणार होते, ते हे दिवसाआडचं नऊ मिनिटांचं धावणं.

आता गुडघा. इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते : आठ पटीचा आकडा मेसेजवाल्यांनी हवेतून काढलेला नाही. धावताना गुडघ्याच्या सांध्यावर एका क्षणी येणारा जास्तीत जास्त भार खरोखरच शरीराच्या वजनाच्या आठ पटींच्या आसपास जातो. चालताना तो अडीच-तीन पट असतो. पण हे मोजणाऱ्या संशोधकांनी २०१४ मध्ये पुढचाही हिशेब मांडला होता, तो मेसेजमध्ये नाही. धावताना ढांग लांब पडते, म्हणून एका किलोमीटरला पावलं कमी लागतात, आणि प्रत्येक पाऊल जमिनीवर फार थोडा वेळ टेकतं. त्यामुळे अंतराच्या मापाने बघितलं तर चालणं आणि धावणं यांचा गुडघ्यावरचा एकूण भार जवळपास सारखाच निघाला. त्या अभ्यासातली माणसं निरोगी गुडघ्यांची होती, हे मान्य. तरीही ‘चाला, पण धावू नका’ असं सांगणाऱ्याने हा हिशेब निदान वाचायला हवा होता.

वंगणाच्या मुद्द्याने मात्र माझं डोकं फिरलं, कारण ताई त्यालाच सर्वात जास्त घाबरली. ‘एकदा संपलं की संपलं’ हे वाक्य तिने मला फोनवर दोनदा म्हणून दाखवलं. गुडघा म्हणजे कारखान्यातून तेल भरून आलेली मोटर नव्हे. सांध्याच्या आतलं अस्तर ते वंगण सतत तयार करत असतं आणि जुनं शोषून घेत असतं. शिवाय हाडांच्या टोकांवर जी गादी असते, कूर्चा, तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. तिला पोषण मिळतं ते याच वंगणातून. भार पडला की ती दाबली जाते, भार सुटला की पुन्हा फुगते, आणि त्या दाबण्या-सुटण्यात आतला द्राव हलत राहतो. प्लास्टरमध्ये अडकवून ठेवलेल्या पायाची गादी पातळ होते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. म्हणजे गुडघा वाचवायचा म्हणून ताईला सोफ्यावर बसवणं हा तिच्या गादीला उपाशी ठेवण्याचा प्रकार झाला.

मामांसाठी एकच आकडेवारी सांगायची तर मी ही सांगेन. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अस्थी आणि फिजिओथेरपीच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात १७ अभ्यासांची एकत्र आकडेमोड छापून आली. एकूण माणसं १ लाख १४ हजारांहून जास्त. त्यात गुडघ्याची किंवा खुब्याची झीज सापडली ती अशी : हौसेने धावणाऱ्यांत ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं प्रचंड धावणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे मेसेजमधली भीती लागू पडलीच तर ती अव्वल दर्जाच्या स्पर्धकांना, नऊ मिनिटंवाल्या ताईला नाही. या आकड्यांवरून ‘धावल्यामुळेच झीज टळली’ असं छातीठोक सांगता येत नाही, हे मला कळतं. ज्यांचे गुडघे दुखतात ते आधीच धावणं सोडतात, आणि हौसेने धावणारे बहुतेक सडपातळ असतात. पण हौसेच्या धावण्याने गुडघे जातात हा दावा मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

अंग बाहेर येण्याचा मुद्दा मी टाळणार नाही, घरात सगळे टाळतात म्हणूनच. धावल्याने बायकांचं गर्भाशय निसटतं ही भीती शंभर वर्षं तरी जुनी आहे. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, त्यानंतर ती शर्यत बायकांच्या नाजूक प्रकृतीच्या नावाखाली १९६० पर्यंत बंद ठेवली. १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर नंबर लावून धावत होती, तर आयोजकांपैकी एकाने रस्त्यात घुसून तिचा नंबर ओढायचा प्रयत्न केला. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य जिंकलं, तेव्हा याच ग्रुपवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि इथून तासाभराच्या अंतरावर उन्हाळ्यात डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या बायका आहेत. ओटीपोटावर खरा ताण पडतो तो अशा ओझ्याने, बाळंतपणांनी, जुनाट खोकल्याने, बद्धकोष्ठाने आणि वाढलेल्या वजनानेही. त्यांच्यासाठी काळजीचा मेसेज मी आजवर पाहिलेला नाही.

यातलं खरं तेवढं सांगते. धावताना, खोकताना लघवीचे थेंब जाणं खूप बायकांना होतं, बाळंतपणानंतर आणि जास्त वजन असताना अधिकच. मलाही सुरुवातीला होत होतं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळायचे आणि सोडायचे. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेतले तर बहुतेकींना फरक पडतो. खाली जड वाटत असेल, काही बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर धावण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. मेसेजने हे सांगितलं असतं तर मीच तो चार ग्रुपवर पाठवला असता.

झटक्याबद्दल. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांचा हिशेब २०१२ मध्ये छापला गेला. त्यात हृदय बंद पडल्याच्या घटना ५९. त्याही २१ आणि ४२ किलोमीटरच्या शर्यतींतल्या. तरी चाळिशीनंतर सुरुवात करण्याआधी बीपी आणि शुगर तपासून घ्यावी. छातीत दुखतं, थोडं चाललं तरी धाप लागते, चक्कर येते, किंवा हृदयाचा आजार आधीपासून आहे, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. शुगरची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर धावताना शुगर खाली जाऊ शकते, तेही विचारून घ्यावं. ताईने हे सगळं पहिल्या दिवसाआधीच केलं होतं.

कातडी लोंबण्यावर मी वेळ घालवत नाही. परदेशी फॅडचं म्हणाल तर पोलीस भरतीला आपली पोरं १६०० मीटर आणि पोरी ८०० मीटर धावतात, त्यासाठी गावोगावी पहाटे रस्त्यावर तयारी चालते. सूर्यनमस्कार चांगलेच आहेत, जमतील तेवढे जरूर घालावेत. मात्र ९४ किलो वजन मनगटांवर तोलून जमिनीशी जाणं हे ताईला तीन मिनिटांच्या धावण्यापेक्षा जड जातं, हे तिने करून बघितलंय.

पट्ट्याचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, शरीर गार ठेवण्यासाठी. चरबी जळते तेव्हा तिचा बहुतेक भाग श्वासातून बाहेर पडतो. १० किलो चरबी गेली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जाते आणि १.६ किलो पाणी होऊन, असा हिशेब ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१४ मध्ये छापला होता. पट्टा सोडल्यावर काटा अर्धा किलो खाली दिसतो तो गेलेल्या पाण्याचा, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतो. आणि एप्रिल-मेमध्ये जाड माणसाने पोटाभोवती रबर गुंडाळून चालायचं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. कोणीही हे करू नका.

राहिलं ते शेवटचं ठळक वाक्य. वजन उतरलं की गुडघ्याला आराम पडतो, यात वाद नाही. गुडघेदुखी असलेल्या जाड ज्येष्ठांवर २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात, एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो असं दिसलं. नुसत्या धावण्याने वजन झपाट्याने उतरत नाही, हेही मी मान्य करते. ढोबळमानाने एक किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते, म्हणजे ताईने तीन किलोमीटर पूर्ण धावले तरी दोनशे ऐंशीच्या आसपास. ताटात काय पडतं ते बघावंच लागतं. पण म्हणून वीस किलोंची अट? ताई दहा वर्षं हीच अट पाळते आहे. आधी वजन कमी करू, मग पोहायला जाऊ. आधी वजन कमी करू, मग पंजाबी ड्रेस शिवू. आधी वजन कमी करू, मग भाचीच्या लग्नात नाचू. त्या दहा वर्षांत वजन ८१ वरून ९४ झालं. या तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती काही मिळवण्यासाठी बाहेर पडली होती. जिना चढताना धाप कमी लागते, रात्री झोप लागते, हे तिनेच मला सांगितलं. त्यासाठी काट्याने आधी परवानगी द्यावी लागली नाही.

जाड माणसाने जपायचं कुठे, हेही डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात सापडतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३० च्या वर असलेल्या नवख्यांनी पहिल्याच आठवड्यात एकूण ३ किलोमीटरपेक्षा जास्त धावलं तर दुखापती वाढताना दिसल्या. ताईचा पहिला आठवडा मोजून बघा : आठ मिनिटं गुणिले तीन दिवस, तासाला सात किलोमीटरचा वेग धरला तर २.८ किलोमीटर. म्हणजे मर्यादेच्या आतच. जड वजनाला लागणारी काळजी या कार्यक्रमात आधीच आहे, फक्त तो घाईने उरकायचा नाही. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. मी पाचवा आठवडा तीनदा केला. नडगी दुखली तर दोन दिवस चालायचं. गुडघा सुजला, किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही गेलं नाही, तर दाखवायचं. वेग इतका हळू की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. मांड्या घासून सोलवटतात त्याला आधीच व्हॅसलीन लावायचं आणि लांब टाइट्स घालायच्या. चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच गरजेची आहे, आणि ती घ्यायला लाजायचं नाही.

हे सगळं मी काल रात्री आजोळच्या ग्रुपवर टाकलं. मामांनी सकाळी फोन केला, ‘अगं, मला वाटलं डॉक्टरांनी लिहिलंय.’ ताईने ग्रुपवर काही लिहिलं नाही. दुपारी तिचा एकटीचा मेसेज आला : ‘चौथ्या आठवड्यापासून करू का?’

नाही, ताई. १६ दिवसांचा खंड पडलाय. दुसऱ्या आठवड्यापासून कर, दीड मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं. सोमवारी सहाला मी गोल्फ क्लबच्या गेटवर आहे.